पोळा फुटायच्या आधी पोचा: खेड्यातली मिरवणूक पाहायची कशी, टिपायची कशी

मिरवणुकीत नवखा फोटोवाला लांबूनच ओळखू येतो. तो पळत असतो. पुढे धावतो, मागे वळतो, बँडवाल्यांच्या मधून घुसतो आणि घरी येऊन पाहतो तर निम्म्या फोटोंत लोकांच्या पाठी. अहो, चालायचं काम मिरवणुकीचं आहे. आपण एक बरी जागा धरायची आणि तिला आपल्याकडे येऊ द्यायचं. जागा नीट निवडली की उजेड, मागचा देखावा, स्वतःची सुरक्षितता आणि लोकांशी बोलणं हे सगळं त्या जागेपाठोपाठ येतं.

ज्यांनी आजवर गावची मिरवणूक फक्त गाडीच्या काचेतून, रस्ता अडला म्हणून चडफडत पाहिली आणि ज्यांना यंदा खाली उतरून पाहायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हातात महागडा कॅमेरा असलाच पाहिजे असं काही नाही. उदाहरण म्हणून पोळा घेतो. विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक शेतकरी गावात तो होतो, पाहायला पास लागत नाही आणि मिरवणुकीचे सगळे टप्पे त्यात येतात: तयारी, जमणं, ताटकळणं, एकदम उसळणं, मग गल्लीबोळांतून घरोघर जाणं. पोळा जमला की पालखी, जयंती, विसर्जन आपोआप जमतं.

गाव निवडा, आणि आधी विचारा

पोळा श्रावण अमावास्येला, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला म्हणून तो 14 सप्टेंबरला गेला, 2024 मध्ये 2 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 22 ऑगस्टला होता. तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका, भिंतीवरचं कॅलेंडर पाहा.

गाव निवडताना माझं मत जरा कडक आहे. तालुक्याच्या ठिकाणचा, मंच घातलेला, उत्कृष्ट जोडीला बक्षीस देणारा पोळा नवख्याने पहिल्यांदा घेऊ नये. तिथे स्पीकर असतो, भाषणं असतात, पुढाऱ्यांची वाट पाहण्यात उजेड निघून जातो. वीस-तीस बैलजोड्या निघणारं लहान गाव बघा. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झालेत. काही गावांत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या राहिल्या आहेत आणि तिथला पोळा तोरण बांधायला लागला त्याहून कमी वेळात आटोपतो. म्हणून जायच्या आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: जोड्या किती निघतात, आणि पोळा भरतो कुठे. ओळखीचं कुणी नसेल तर सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, नाहीतर गावातला किराणा दुकानदार. शेवटच्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहिती असते.

वेळ विचाराल तर उत्तर साधारण असं मिळेल: "पाच वाजता फुटते पोया. पण तुम्ही तीनलेच या, चहापाणी करू." यातला तीन हा आकडा धरून चाला. पाच हा आकडा कुणी पाळत नाही.

जाण्यायेण्याची सोय स्वतःची ठेवा. सणाच्या दिवशी संध्याकाळची एसटी मिळेलच या भरवशावर राहू नका. दुचाकी असेल तर रेनकोट डिक्कीत आणि टाकी भरलेली. पायात पट्ट्याचे सँडल. बूट काळ्या मातीच्या चिखलात दोन-दोन किलोचे होतात, साधी चप्पल गाळात रुतून बसते, शिवाय मारुतीच्या पारावर चढायचं झालं तर पटकन काढता येईल असंच काहीतरी हवं.

आदल्या संध्याकाळी जमलं तर सोनं

बहुतेक लोक पोळ्याच्या दिवशी येतात आणि मिरवणुकीपुरतंच थांबतात. आदल्या संध्याकाळी खांद शेकतात, ते चुकवू नका. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे कातडी जाड पडलेली असते, कुठे केस झडलेले, कुठे चट्टा. त्यावर हळद आणि गरम तूप नाहीतर लोणी लावून पळसाच्या पानाने हळूहळू चोळतात, शेकतात. चोळणारा माणूस एरवी शेतात त्याच बैलाला शिव्या घालणारा असतो. आज त्याचा हात वेगळा पडतो. मग बैलाच्या कानाशी आमंत्रण देतात: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काही घरांत हे मोठ्याने म्हणतात, काही घरांत कुणाला ऐकू येणार नाही असं.

गोठ्यात उजेड एका बल्बचा. फ्लॅश अजिबात नको. बैल बुजतो, आणि फोटोही गुन्हेगार पकडल्यासारखा येतो. बल्ब तुमच्या पाठीशी न ठेवता एका बाजूला येईल असं बसा, म्हणजे मानेवरच्या कातडीचे खडे, तुपाची चकाकी आणि बोटांच्या शिरा दिसतील. कॅमेऱ्यात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 3200, शटर उघडं राहायचा वेळ सेकंदाच्या 60 व्या भागाच्या आसपास, कोपर गुडघ्यावर टेकवून. फोन असेल तर दावणीच्या खुंट्याला, भिंतीला कशालाही टेकवा. पूर्ण बैल फोटोत येत नाही म्हणून हळहळू नका. हात आणि खांद एवढंच घ्या.

दिवसाची सुरुवात नाल्यावर

पोळ्याच्या सकाळी बैलांना कामाला जुंपत नाहीत. नाल्यावर, नदीवर, तळ्यावर नेऊन धुतात. पाऊस बरा झाला असेल तर पाणी गढूळ आणि पोरं उत्साहात. हा मोकळा वेळ असतो, कुणी घाईत नसतं, गप्पा होतात, आणि संध्याकाळी ज्यांचे फोटो काढायचे त्यांची ओळख इथेच होते. सकाळी ज्याने तुम्हाला बैलाचं नाव सांगितलं, तो संध्याकाळी गर्दीत तुमच्यासमोर आल्यावर आपणहून जोडी थांबवतो.

दुपारी सजावट. शिंगं तासून गुळगुळीत करतात, त्यांना हिंगूळ किंवा सरळ ऑइलपेंट, त्यावर बेगड. अंगावर गेरूचे ठिपके नाहीतर हाताचे छापे. नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात कवड्यांच्या आणि घुंगरांच्या माळा, कपाळावर बाशिंग, शिंगांच्या टोकाला गोंडे, पाठीवर झूल. बेगड चिकटवणारा माणूस जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून काम करतो, बैल मान हलवतो, कागद सुरकुततो, पुन्हा सुरुवात. हे पाहायला जमिनीवर बसा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत फक्त बैलाची पाठ आणि माणसाची टोपी येते.

वर्धा, नागपूरकडे गवळाऊ बैल दिसतील: पांढरे, उंच, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखे. पांढरा बैल फोटोला अवघड. मागे काळं आभाळ, ओली काळी माती आणि मध्ये शुभ्र बैल असं असलं की फोन एकंदर अंधार पाहून फोटो उजळवतो आणि बैलाच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. बैलावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा, अंगावरचे केस दिसू लागेपर्यंत. कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) पाऊण किंवा एक स्टॉपने, म्हणजे एका मापाने, कमी करा. उलट बैलाच्या पांढऱ्या अंगानेच सगळी चौकट भरली असेल, तर तो राखाडी येतो. तेव्हा थोडं वाढवा.

जागा

तीनला पोचलात की आधी रस्ता चालून या, कॅमेरा पिशवीतच ठेवून. पोळा बहुधा गावाच्या कडेला, आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर भरतो. तिथे आंब्याच्या पानांचं तोरण दोन खांबांना आडवं बांधलेलं असतं. तिथून जोड्या मारुतीच्या देवळाकडे आणि मग आपापल्या घरी जातात. तेव्हा तुमच्यासमोर तीन जागा आहेत: तोरण, देवळाकडे वळणारा रस्ता आणि एखादं घर. तिन्हीकडे धावायचं ठरवलंत तर तिन्ही हुकतील. पहिल्या वर्षी तोरण आणि एक घर धरा, रस्ता सोडून द्या.

तोरणापाशी उभं राहायचं तर पश्चिम कुठे आहे ते पाहा. ऑगस्टच्या अखेरीला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या जरा पुढे मावळतो. ढग नसतील तर साडेपाचनंतरचा उजेड तिरपा आणि पिवळसर असतो. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्यावर येईल असं उभं राहा. झुलीवरचे आरसे आणि शिंगांचं बेगड या बाजूच्या उजेडात पेटतात. ढगाळ असेल, आणि पोळ्याला ते बहुतेकदा असतंच, तर आभाळ फोटोत घेऊच नका. पांढरंफटक आभाळ वरचा अर्धा भाग खाऊन टाकतं. थोडं उंचावर चढा आणि कॅमेरा किंचित खाली रोखा, म्हणजे मागे माणसं, माती आणि बैलच येतील. कुणाच्या घराचा स्लॅब, ओटा, उभी बैलगाडी, काहीही चालेल, मात्र विचारून. "काकू, वरून दोन फोटो काढू का?" म्हटलं की बहुधा चहासुद्धा वर येतो.

आता सुरक्षिततेचं, आणि हे गंमत म्हणून वाचू नका. शांत बैलसुद्धा माशी हाकलायला मान झटकतो तेव्हा शिंग बाजूला हातभर फिरतं. पुढ्यात आणि मागे उभं राहू नका. कासरा धरणारा धुरकरी ज्या बाजूला आहे त्या बाजूने, बैलाच्या खांद्याच्या रेषेत, दोन हात अंतर ठेवून थांबा. लाल कपड्याने बैल चवताळतो ही सांगीवांगी गोष्ट. त्याला तांबडा रंग आपल्यासारखा वेगळा दिसतच नाही. तो बुजतो तो अचानक हलणाऱ्या वस्तूला: फट्टकन उघडलेली छत्री, वाऱ्यावर उडणारी ओढणी, डोक्यावर उंच धरलेली सेल्फी काठी. पाऊस आला तर छत्री जरा लांब जाऊन उघडा. बैलाने कान ताठ केले, फुरफुरला, पाय आपटायला लागला की फोटो राहू द्या आणि बाजूला सरका. अरुंद गल्लीत, ज्यातून बाहेर पडायला दुसरी वाट नाही, तिथे तर थांबूच नका. फटाके फुटतातच, आणि फुटले की जोडी कुणाच्याच ताब्यात नसते. लहान मूल सोबत असेल तर त्याला घेऊन स्लॅबवर जा.

ड्रोन? खेड्यातल्या पोळ्यावर नको. 2021 च्या ड्रोन नियमांचं पालन तुम्ही कराल, पण डोक्यावरची ती भुणभुण बैलांना कोण समजावणार.

फोनचं आणि कॅमेऱ्याचं जुळवून घ्या

फोनची काच पुसा. अर्धे धूसर फोटो बोटांच्या तेलकटपणाचे असतात. मुख्य लेन्स वापरा. अर्ध्या पटीच्या रुंद लेन्सने कडेचा बैल ताणल्यासारखा लांबट होतो. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण त्याला शिंगं कळत नाहीत: बैलाचं तोंड स्पष्ट आणि शिंगाचं टोक, गोंड्यासकट, मागच्या धुक्यात विरघळलेलं. नाइट मोडही चालत्या जोडीला कामाचा नाही, सगळं सारवल्यासारखं येतं. दोनपटीच्या पुढे झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे या. जोडी येणार त्या ठिकाणी आधीच बोट दाबून फोकस धरून ठेवा आणि ती तिथे आली की एकामागून एक असे फोटो घ्या.

कॅमेरावाल्यांना सोबत आलेली 18-55 लेन्स पहिल्या वर्षी पुरे. लेन्स बदलायची गरज पडू नये अशीच तयारी करा, कारण गुलाल उधळला जात असताना कॅमेरा उघडणं म्हणजे पैसे उधळणं. चालत्या बैलाला शटर सेकंदाचा 250 वा भाग, उधळलेल्याला किंवा लेझीमवाल्यांना 500 वा. उजेड उतरला की आयएसओ बिनधास्त 1600, 3200 करा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. गती दाखवायची हौस असेल तर 30 वा भाग ठेवा आणि जोडीसोबत कॅमेरा एका लयीत फिरवा. दहातला एखादा जमेल. हौस म्हणूनच करा.

सोबत ठेवा: कॅमेरा झाकायला कॅरीबॅग आणि दोन रबरबँड, एक कोरडा सुती रुमाल, पॉवर बँक. लाइट गेली तर गावात चार्जिंग नाही.

तोरण तुटेपर्यंत आणि तुटल्यावर

जोड्या तोरणाखाली रांगेत लागतात आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. नवखा माणूस इथे कंटाळून मोबाइल पाहत बसतो, आणि खरा ऐवज इथेच असतो. कोणाची जोडी पहिली, मान कोणाचा, यावर बारीक कुरबुर चालते. बैलाच्या पाठीवर हात ठेवून माणसं उभी असतात, पोरं गोंडे ओढून पळतात, डफडं तापवलं जातं. मानापानाच्या कुरबुरीत आपण नाक खुपसू नये, आणि "जरा ही पांढरी जोडी पुढे घ्या ना, फोटो छान येईल" असं तर चुकूनही म्हणू नये. त्या रांगेला गावाचा इतिहास आहे.

मग झडत्या सुरू होतात. एकजण पुढे येऊन यमकात म्हणतो, कधी महादेव-पार्वतीचं, कधी पावसाचं, कधी कापसाच्या भावाचं, कधी समोर उभ्या असलेल्या कुणाची तरी फिरकी घेणारं. शेवट ठरलेला: "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" आणि सगळं आखर ओरडतं. दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर येतं. झडती म्हणणाऱ्याचा फोटो घ्यावासा वाटेल, पण माझं ऐकाल तर इथे फोटोपेक्षा आवाज महत्त्वाचा. फोन आडवा धरून व्हिडिओ करा, जवळ उभं राहा आणि स्वतः एक शब्द बोलू नका. जुन्या झडत्या येणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत आणि त्यातलं पुष्कळसं कुठे लिहिलेलं नाही. फोटो काढायचाच असेल तर म्हणणाऱ्याचा नको, ऐकणाऱ्यांचा काढा. फिरकी ज्याच्यावर घेतली त्याचा चेहरा शोधा.

मानकरी तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. पुढचं सगळं काही क्षणांत होतं. आंब्याची पानं ओढायला माणसांची झुंबड, ताशा कडाडतो, जोड्या एकदम सुटतात. इथे पूर्ण देखावा मिळवायला जाऊ नका. उंचावर असाल तर रुंद फोटो घ्या, खाली असाल तर एकच जोडी धरा आणि तिच्यावरच राहा. पूर्णवेळ डोळा कॅमेऱ्याला लावू नका. दुसऱ्या डोळ्याने बाजूने काय येतंय ते दिसत राहिलं पाहिजे.

घराच्या दारात

मारुतीचं दर्शन झालं की जोडी घरी येते. इथे गर्दी नाही, गोंधळ नाही. घरची बाई बैलांचे पाय धुते, कुंकू लावते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. जोडी ओळखीच्यांच्या दारातही जाते, आणि ती आणणाऱ्याला बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे देतात. सालदाराला, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याला, नवे कपडे झालेले असतात, त्यामुळे तो आज धन्यापेक्षा उठून दिसतो. तुमच्या खिशातही दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा असू द्या. जोडीचा फोटो काढला आणि बोजारा घातला नाही तर ते बरं दिसत नाही.

दारातला फोटो म्हणजे कुणाच्या तरी घरातला फोटो. रस्त्यावरच्या गर्दीत प्रत्येकाला विचारणं शक्य नसतं, पण इथे विचारल्याशिवाय नाही. "काका, फोटो काढू का?" एवढंच पुरतं. उत्तर येईल: "काढ ना बाप्पा, पण मले धाडजो." पुरुष हो म्हणाला म्हणून ओवाळणाऱ्या बाईचं होतंच असं समजू नका, "वहिनी, चालेल ना?" तिलाही विचारा. एखादी पदर पुढे ओढून मान वळवते, ते नाही समजायचं. तेव्हा तिचा हात, तबक आणि बैलाचं तोंड एवढं घ्या. तोही फोटो पुरा असतो. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

अंधार पडला की निघा. रात्री आणि दुसऱ्या दिवशी काही मंडळी जरा "रंगात" असतात, आणि कॅमेरा दिसला की त्यांच्या अंगात येतं. बाचाबाची दिसली तर कॅमेरा खाली, हे पोळ्यालाच नाही, कुठल्याही मिरवणुकीला लागू. भांडणाचा व्हिडिओ टाकून तुम्ही मोकळे होता, त्रास गावाला होतो.

दुसऱ्या दिवशी

मुक्काम केलात तर पाडव्याची पहाट पाहा. काही गावांत दारात लावलेले पळसाचे मेढे गावाबाहेर नेऊन टाकतात आणि पोरं ओरडत जातात, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" उजेड फुटताना, पावसाने धुतलेल्या रस्त्यावर, हातात पळसाच्या फांद्या घेतलेली पोरं. हे फुकटचं धन आहे, फक्त झोप मोडावी लागते.

त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे टीका करणारे पुतळे निघतात. काळीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगतात. पण ती शहरी, प्रचंड गर्दीची मिरवणूक आहे; तिथे खिसा आणि लेन्स दोन्ही सांभाळावी लागतात. नवख्याने ती पुढच्या वर्षासाठी ठेवावी. त्यापेक्षा संध्याकाळी तान्हा पोळा पाहा. मुलं लाकडी नंदीबैल सजवून आणतात, स्वतः शंकर, शेतकरी, कधी वकील होऊन येतात. हा लाकडी बैलांचा पोळा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा सांगतात, आणि वर्धा जिल्ह्यातलं सिंदी (रेल्वे) त्याच्यासाठी नावाजलेलं आहे. एकच सूत्र: मुलांच्या उंचीवर या. गुडघे टेका, चिखल लागू द्या.

बाकीच्या मिरवणुकांचं थोडक्यात

पालखीत आवर हाच देखावा असतो. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना श्रावणात खामगावहून शेगावला येते तेव्हा रस्ता माणसांनी फुललेला असतो, पण पांढऱ्या वेषातले वारकरी दोन ओळींत, टाळाच्या ठेक्यावर चालत राहतात. ओळीच्या मधे शिरू नका. कडेला, वळणावर उभं राहा, म्हणजे ओळ वाकडी होत तुमच्याकडे येताना दिसेल. पायांचे, टाळांचे, तुळशीच्या माळांचे फोटो घ्या, आणि वाटेत पाणी, केळी, चहा वाटणाऱ्यांचेही. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीला निघते, तिथेही हेच.

14 एप्रिलची भीमजयंतीची मिरवणूक उन्हामुळे संध्याकाळी उशिरा रंगते. दिवसा चाळिशी पार केलेला पारा असतो, पाणी पीत राहा, फोन उन्हात गाडीवर ठेवू नका. निळे झेंडे आणि एलईडी दिवे असतात. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर शटर 50 वा किंवा 100 वा भाग करा, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने पट्टे बहुधा जातात. गणपती-दुर्गेच्या विसर्जनालाही हेच, शिवाय गुलालासाठी कॅरीबॅग. डीजेच्या भिंतीपुढे उभं राहू नका. ज्या मंडळाने संदल (वाजवणाऱ्यांचं पथक) किंवा लेझीम लावली असेल त्याच्यासोबत चाला, डोळ्यांना आणि कानांनाही तेच बरं.

दिवाळीच्या पाडव्याला पूर्व विदर्भात गोवारी बांधवांची ढाल निघते, ती बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. आणि सगळ्यांत सोपी, सराव करायला उत्तम मिरवणूक म्हणजे 26 जानेवारीची जिल्हा परिषद शाळेची प्रभातफेरी. सकाळी सातचा उजेड, थंडी, इस्त्रीचे गणवेश, घोषणा देताना उघडलेली तोंडं. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी भेटून विचारा, आणि फोटो शाळेलाही द्या.

फोटो गावात परत गेले पाहिजेत

त्याच रात्री निवड करू नका, थकलेला माणूस सगळेच फोटो ठेवतो. दोन दिवसांनी बसा आणि वीसच्या वर ठेवू नका. एक पूर्ण आखराचा, एक तोरणाचा, दोन-तीन जोड्यांचे, बाकी हात आणि चेहरे. रंग फार चढवू नका. गुलालाचा आणि हिंगुळाचा लाल आधीच फुटलेला असतो, सॅच्युरेशन वाढवलं की त्यातला सगळा पोत मरतो. मागे पुढाऱ्यांचे फ्लेक्स आले असतील तर येऊ द्या. सरकीच्या ढेपेची जाहिरात आणि उभा ट्रॅक्टरही राहू द्या, आजचं गाव असंच आहे.

"धाडजो" म्हणाले होते त्या प्रत्येकाला फोटो पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे त्यांना मोठा छापता येईल. जिथे नंबर घेतला नव्हता तिथे किराणा दुकानदार आहेच. जोडीचे आणि म्हाताऱ्या माणसांचे फोटो मात्र छापूनच द्या. तालुक्याच्या स्टुडिओत पोस्टकार्ड आकाराची प्रत फार महाग पडत नाही, आणि पावसाळी घरात भिंतीला लावायची म्हणून लॅमिनेशन करून घ्या. मागच्या बाजूला बॉलपेनने तारीख, गाव आणि दोन्ही बैलांची नावं लिहा. नावं माहीत नसतील तर ती विचारायला एक फोन करा.